कांद्याची चाळ, मामाची वही आणि दहावीनंतरची सुट्टी

हे प्रकरण एका मुलाचं आहे. मार्च 2024 मध्ये दहावीची परीक्षा संपली तेव्हा त्याला सोळावं सरत आलं होतं. राहणार पिंपरी-चिंचवड. त्याचं नाव, शाळेचं नाव, गावाचं नाव इथे येणार नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत. लिहायला त्याची आणि त्याच्या आईची परवानगी आहे. आईने मसुदा वाचला. त्याने न वाचताच परत दिला, "लिहा तुम्ही, मला माहितीये काय झालं ते" म्हणाला.

घरातून पळून जाणं नाही, हातावर ब्लेड नाही, व्यसन नाही. अशी साधी प्रकरणं आम्हा समुपदेशकांकडे सर्वांत जास्त येतात आणि लिहिली सर्वांत कमी जातात. शेवटी "वयात असं होतंच" एवढं म्हणून सगळे मोकळे होतात. होतं हे खरं, पण ते कसं होतं ते बघण्यासारखं असतं.

आईची तक्रार

"हा माझ्याशी बोलतच नाही." आईचं पहिलं वाक्य हे होतं आणि नंतरची बरीच वाक्यंही हीच होती. मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसून चपलेचा पट्टा काढ-घाल करत होता.

वडील कारखान्यात, पाळीची नोकरी. रात्रपाळी असली की दिवसा घरात आवाज करायचा नाही, हा घराचा नियम. आई एका पतसंस्थेत. धाकटी बहीण चौथीत. वडिलांशी मुलाचं भांडण नव्हतं, कारण भांडायला समोरासमोर यावं लागतं.

पूर्वपरीक्षेच्या सुमारास त्याने आणि त्याच्या जिवलग मित्राने क्लास बुडवून लोणावळा गाठलं. दोघांच्या गप्पा आईने फोनवर वाचल्या. त्या गप्पांमध्ये मित्राने स्वतःच्या घरातली एक गोष्ट सांगितली होती, वडिलांच्या दारूची. आईने भल्याच हेतूने मित्राच्या आईला फोन लावला, आणि बोलण्याच्या ओघात तीही गोष्ट निघाली. दुसऱ्या दिवसापासून मित्राने मुलाशी बोलणं बंद केलं. "तुला काही सांगितलं की तुझ्या आईला सांगितल्यासारखंच आहे," हे त्याचं शेवटचं वाक्य.

यापुढे घरात नवा नियम आला. रात्री दहाला फोन आईच्या हातात द्यायचा, ती बघणार, सकाळी परत. "आपल्यात लपवाछपवी नको" असं त्याचं समर्थन. त्या रात्रीपासून मुलाच्या तोंडी चार शब्द उरले: हो, नाही, बरं, माहीत नाही.

इथे एक संशोधन सांगायला हवं, कारण आईशी माझा सगळा वाद त्यावरूनच झाला. होकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध केला. तोवर समज असा होता की पालकांनी लक्ष ठेवलं, चौकशी केली, नियम घातले, की त्यांना मुलांचं सगळं कळतं आणि मुलं वाट चुकत नाहीत. या दोघांना दिसलं ते असं: पालकांना मुलांबद्दल जे कळतं, त्यातलं बरंचसं मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. चौकशीतून आणि नियंत्रणातून कळणारं त्यामानाने थोडं. म्हणजे मूल सांगत राहील अशी परिस्थिती ठेवणं हेच खरं लक्ष ठेवणं.

हे सगळं आईला सांगून मी म्हटलं, फोन वाचणं बंद करा. त्या म्हणाल्या, नाही करणार. त्यांच्या नात्यातल्या एका मुलीला ऑनलाइन ओळखीतल्या माणसाने फोटोंवरून महिनोन्‌महिने धमकावलं होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. त्या भीतीला मी काय उत्तर देणार? स्वीडनचा अभ्यास एका बाजूला आणि डोळ्यांसमोरची पोरगी दुसऱ्या बाजूला. आम्ही तिथेच थांबलो.

गावाला पाठवायची कल्पना माझी नव्हती. परीक्षा संपल्यावर पुन्हा खडाजंगी झाली आणि आईने तिच्या भावाला फोन केला, "ने याला, कांद्यात राबव महिना-दोन महिने, कळू दे कष्ट काय असतात." शिक्षा म्हणूनच पाठवला तो मामाच्या गावाला.

निफाडकडचा उन्हाळा

गाव निफाड तालुक्यातलं. लासलगावची बाजारपेठ जवळ. मामाचं दहा एकर वावर, घरी आजी, मामी आणि डिप्लोमा करणारा मामेभाऊ. एप्रिल म्हणजे तिकडे उन्हाळ कांद्याची धामधूम. माना पडल्या की कांदा उपटायचा, वावरातच पातीखाली झाकून सुकवायचा, मग बायांची टोळी बसून पात कापते, निवड होते. चांगला माल चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, जोड कांदा वेगळा, खराब झालेली खाद बाजूला. चाळीत गेलेला कांदा भाव बघून पुढे चार-सहा महिने काढत राहायचं, आणि तोवर किती सडेल, किती वजन घटेल, किती कोंब फोडेल हे नशीब आणि हवा ठरवणार.

2024 चा हंगाम तसा कडूच होता. निर्यातबंदी डिसेंबर 2023 पासून लागू होती. एप्रिलमध्ये हमाली-तोलाई-वाराईच्या, म्हणजे माल उतरवायच्या-तोलायच्या मजुरीच्या वादात जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव काही दिवस ठप्प झाले. बंदी उठली 4 मे रोजी, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्काची अट घालून. घरात रोज याच गोष्टी. मुलगा मला नंतर म्हणाला, "तिथे कुणाला माझ्यासाठी टेन्शन घ्यायला वेळच नव्हता." हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता.

पहिले काही दिवस तो पाट्या वाहत होता आणि रात्री पाठ धरून झोपत होता. मग मामाने त्याच्या हातात वही दिली.

मजुरांच्या हजेरीची ती वही. लांबट, लाल पुठ्ठ्याची, पानांना कांद्याचा वास. एका बाजूला नावं, पुढे तारखांच्या चौकटी, कडेला उचल. आतापर्यंत मामा ती रात्री आठवून आठवून भरायचा. "भाचेबुवा, तुम्ही शिकलेले, हे तुमच्याकडे," एवढंच बोलून तो मोटार चालू करायला निघून गेला. रोज संध्याकाळी बाया हात धुवून चाळीपाशी यायच्या, मुलगा ढिगाऱ्याला टेकून प्रत्येकीचं नाव विचारून खूण करायचा. पहिल्या दिवशी त्याने "उचल" म्हणजे काय ते विचारलं तेव्हा बाया हसल्या, आणि एकीने त्याला पैसे आधी का उचलावे लागतात तेही सांगितलं: पोरीची फी, दवाखाना, घरावरचे पत्रे.

मागची पानं जुळवताना त्याच्या लक्षात आलं की एका बाईचे दोन रोज कमी धरले आहेत. त्या दोन्ही दिवशी ती आली होती, कारण तिच्याबरोबर कायम येणाऱ्या जावेची खूण होती आणि त्याच तारखांना मामीने दोघींना चहा दिल्याचं मामीला आठवत होतं. त्याने दोन दिवस हे कुणाला सांगितलं नाही. मामाची चूक काढायची कशी? शेवटी जेवताना म्हणाला. मामा घास थांबवून म्हणाला, "तिने कधी म्हटलं नाही मला." आजी म्हणाली, "ती कशाला म्हणेल?" दुसऱ्या दिवशी मामाने पैसे दिले, आणि ते मुलाच्याच हातून दिले. बाईने मोजून कमरेला खोचले, काही बोलली नाही.

मला हा प्रसंग त्याने फोनवर सांगितला, तेव्हा सलग सात-आठ मिनिटं बोलला असेल. चार शब्दांचा मुलगा! मधे एकदा म्हणाला, "मॅडम, दोन रोज म्हणजे तिच्यासाठी किती असेल?" किशोरांना जबाबदारी द्या, असा सल्ला आम्ही येता-जाता देत असतो आणि घरी त्याचा अर्थ होतो कचरा टाकून ये. ज्या कामात चुकलं तर दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान होतं, असं काम सहसा या वयाच्या हातात कुणी देत नाही. मामाने ते कुठलंही तत्त्वज्ञान न सांगता दिलं. त्याला हिशोब लिहायचा कंटाळा होता, हेही खरं.

मित्र

शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा, वयाने दोन वर्षांनी मोठा, मामाकडे ट्रॅक्टरवर होता. त्याचे वडील मामाकडेच सालाने कामाला. या दोघांचं जमलं ते विहिरीवर. पिंपरीचा मुलगा तरणतलावात शिकलेला, त्यामुळे पोहता येतं असा त्याचा समज. विहिरीत उडी मारायची वेळ आली तेव्हा काठावर अर्धा तास उभा. खालून तो मित्र म्हणाला, "नको मारू उडी, पायरीने ये." कुणी हसलं नाही. मुलाला हे फार लागलं, चांगल्या अर्थाने. शहरातल्या त्याच्या घोळक्यात न जमणाऱ्याला सोडत नसत.

त्याने या मित्राला लोणावळ्याची आणि तुटलेल्या मैत्रीची सगळी गोष्ट सांगितली. मित्राचा सल्ला साधा होता: तू घरी जाऊन त्याला भेट, फोन करू नको, फोन तुझी आई वाचते. हा सल्ला माझ्याही डोक्यात आला नव्हता असं नाही, पण माझ्या तोंडून आला असता तर त्याला काडीची किंमत नव्हती.

आता ट्रॅक्टर. मे महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी चार-पाच पोरं ट्रॉलीत, स्टिअरिंगवर आमचा मुलगा. पोरांचा कल्ला, मागून शिट्ट्या. वळणावर ट्रॉलीचं चाक चारीत गेलं, ट्रॉली कलली, एक जण खाली पडून त्याचं मनगट मोडलं. त्यापेक्षा वाईट व्हायला फार काही लागलं नसतं.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. संगणकावरचा गाडी चालवायचा खेळ, एकट्याने आणि मित्र बघत असताना. तेरा ते सोळा वर्षांची मुलं मित्रांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोवीसच्या पुढच्या मोठ्यांवर सोबत्यांचा तसा परिणाम दिसला नाही. आमच्या मुलाला धोका कळत नव्हता असं नव्हे. एकटा असता तर त्याने ट्रॅक्टरला हातही लावला नसता. ट्रॉलीत बसलेले चार जण हाच तिथला धोका होता.

मामाने पडलेल्या पोराचा दवाखान्याचा खर्च केला, भाच्याला एक कानफटात दिली आणि विषय संपवला. भाच्याने गळ घातली, "आईला सांगू नका," आणि मामाने सांगितलं नाही. इथे मामा सपशेल चुकला असं माझं मत आहे. अठरा पूर्ण नसलेल्या पोराला ट्रॅक्टर देणं गावात सर्रास चालतं म्हणून ते कायद्यात बसत नाही. आणि जिवावरच्या गोष्टीत "आपल्या दोघांत ठेवू" चालत नाही. मुलाचं गुपित राखणं आणि मुलाला झालेला अपघात लपवणं या दोन गोष्टी आहेत. मोठ्या माणसांना पहिली जमत नाही म्हणून ती दुसरी करून बघतात.

ती

ती मनमाडची. दहावी नुकतीच दिलेली, मावशीकडे सुट्टीला आलेली. मावशीचं घर मामाच्या घरापासून चार घरं सोडून. निवडीच्या दिवसांत मावशी मामाकडे मदतीला यायची, बरोबर ती. दोघांची पहिली बोलाचाली गोल्टी कुठल्या पाटीत टाकायची यावरून झाली आणि त्यात तिचं बरोबर होतं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही, या वयातल्या प्रेमात बाहेरून दिसण्यासारखं फार घडतही नाही. विज्ञानाचा पेपर कसा गेला. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मामेभावाबरोबर पोरापोरींची टोळी गेली, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून, तर पाखरं हिवाळ्यात येतात आणि मेमध्ये नुसतं ऊन, हे तिथे गेल्यावर कळलं. त्या उन्हात दोघं मनोऱ्याच्या सावलीत बसून बोलले. रात्री फोनवर थोडं. एकदा हात धरला. एवढंच.

त्याच्याकडून मी जे ऐकलं त्यात तिच्या दिसण्याबद्दल जवळजवळ काही नव्हतं. "ती मला मधेच तोडते. म्हणजे मी काही फेकायला लागलो की म्हणते, हे खरं नाहीये." हे तो खुशीत सांगत होता. घरी आईने "खरं सांग" म्हटलं की त्याचं तोंड मिटायचं. ही तेच म्हणत होती आणि तो सांगत होता. फरक असा की खरं सांगितल्यावर ती पुढे कुणाला फोन करणार नव्हती.

हे सगळं चालू असताना कुणाला काय ठाऊक होतं, ते मी नंतर कागदावर मांडून बघितलं. ट्रॅक्टरवाल्या मित्राला ती माहीत, पण घरातली भांडणं फारशी नाहीत. तिला लोणावळा आणि मित्र माहीत, ट्रॅक्टर नाही, कारण त्याला लाज वाटत होती. मामाला ट्रॅक्टर माहीत, ती नाही. आजीला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि तिला बहुतेक सगळं माहीत होतं. मला तुकड्या-तुकड्याने. आईला काहीच नाही. एका माणसाला सगळं सांगायची सक्ती नसली की मूल किती जणांना किती काय काय सांगतं! आई मागत होती ती पूर्ण थाळी. गावात प्रत्येकाला एकेक वाटी मिळाली आणि कुणी जास्त मागितलं नाही.

बोभाटा

20 मे, लोकसभेचं मतदान. दिंडोरी मतदारसंघात गाव येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्र, मामा एका पक्षाचा बूथवरचा माणूस, सगळं गाव शाळेपाशी. दोघांनी हिशोब केला की आज पाटाकडे कुणी फिरकणार नाही. मळ्यांतल्या वस्त्यांवरची माणसं मतदानाला त्याच वाटेने येणार, हे दोघांनाही सुचलं नाही.

दुपारी तीनपर्यंत बातमी बूथवर पोचली. मामाचा पहिला प्रश्न, "कुणाची पोरगी?" जात हा शब्द कुणी उच्चारला नाही. उच्चारावा लागत नाही, आडनाव सांगितलं की पुरतं. पोरं वेगवेगळ्या समाजाची निघाली आणि मतदानाच्या दिवशी पोरापोरींचं प्रकरण म्हणजे त्याला नको ते फाटे फुटणार, म्हणून दोन्ही घरांनी आवाज चढू दिला नाही. संध्याकाळी मामीने नणंदेला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा मला फोन. पहिल्या गाडीने जाऊन त्याला घेऊन यायचं, फोन कायमचा काढून घ्यायचा, अकरावीला वसतिगृहात टाकायचं. मी मधे न बोलता ऐकलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक कायद्याची, कारण ती कुणीतरी सांगितलीच पाहिजे. पॉक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा कायदा अठराखालच्या मुलांची संमती धरत नाही. सोळा-सोळाच्या दोघांमध्ये शारीरिक संबंध आला आणि तक्रार झाली, तर "दोघांच्या मर्जीने" हे उत्तर कायद्यात चालत नाही, आणि मुलगा विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अल्पवयीन मूल, ठरू शकतो. हे मुलाला स्पष्ट शब्दांत माहीत हवं आणि ते मी त्याला सांगेन. इथे तसं काही घडलेलं नाही.

दुसरी गोष्ट, आज जाऊ नका. आज गेलात तर त्याला जे कळेल ते एवढंच की प्रेम केलं की उचलून नेतात. निकालाला जा.

त्या रडल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "माझ्या वेळी मला असंच उचलून आणलं होतं." एवढंच. मी पुढे विचारलं नाही, त्यांनीही पुढे कधी काढलं नाही.

त्या रात्री गावात आजीने नातवाला अंगणातल्या खाटेवर बोलावलं. हा प्रसंग त्याने सांगितला तसा देते. आजी म्हणाली, "नाव काय रे तिचं?" त्याने सांगितलं. "चांगलं आहे." मग बऱ्याच वेळाने, "तिला मारतील का रे घरी?" तो म्हणाला, माहीत नाही. आजी म्हणाली, "हे आधी विचारायचं असतं." त्याला झोप लागली नाही. दिवसभर मामा, मामी, दादा सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि तोही स्वतःबद्दलच विचार करत होता. तिच्यावर काय बेतेल हा प्रश्न त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आजीने घातला.

निकाल

आई 26 तारखेला, रविवारी, पोचली. सोमवारी, 27 मे रोजी दुपारी एकला निकाल. राज्याचा 95.81 टक्के लागला, याचा 78.20. आईच्या अपेक्षेपेक्षा कमी, त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त. पेढे मामाने आणले.

त्या दिवशी दुपारी आई चाळीत बायांबरोबर निवडीला बसली. लहानपणी केलेलं काम, हात विसरले नव्हते. तिथे मुलाने आपणहून ट्रॅक्टरचं सांगितलं, सगळ्या बायांसमोर, एका दमात. आईचा राग भावावर निघाला आणि बहीण-भावाचं असं जुंपलं की मामी मधे पडली. तेव्हा मुलगा म्हणाला, "मी सांगू नका म्हटलं होतं. मामाला कशाला बोलतेस, मला बोल." आईने हे मला सांगताना दोनदा सांगितलं.

माझी आईकडे एकच मागणी होती: त्या मुलीबद्दल विचारू नका. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल, किंवा नाही सांगणार. फोनचा नियमही बदलला. रात्री दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, सगळ्यांचाच, आईवडिलांचासुद्धा. कुणी कुणाचा उघडायचा नाही. कुणी धमकावलं, फोटो मागितले, पैसे मागितले, तर त्याच दिवशी सांगायचं, सांगितल्यावर फोन काढून घेतला जाणार नाही. या शेवटच्या वाक्यावर मुलगा अडून बसला होता आणि ते मान्य करायला वडिलांना सर्वांत जास्त वेळ लागला. वडील त्यासाठी पहिल्यांदाच माझ्याकडे आले, रात्रपाळी करून, डोळे लाल. फार बोलले नाहीत. मुलाचं आणि त्यांचं अजूनही फारसं बोलणं नाही, आणि त्यावर मी फार काही करू शकले असंही नाही.

जून, जुलै

तिचे मेसेज बंद झाले. मुलाने अकरावीला प्रवेश घेतला, पण जेवण कमी, झोप उशिरा, बहिणीवर विनाकारण खेकसणं. घरच्यांनी "विसर आता" म्हणून झालं होतं. कुणी वारलं तर आपण तेरा दिवस माणसाला बसू देतो; पहिलं प्रेम गेलं तर दुसऱ्या दिवशी क्लासला पाठवतो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर उदास, झोप आणि भूक बिघडलेली, कशात रस नाही, असं असेल तर ते नुसतं दुःख की नैराश्य हे तपासावं लागतं. तपासलं. मरावंसं वाटतं का, हे थेट विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. "नाही, पण मनमाडला जावंसं वाटतं," तो म्हणाला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरात सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवला, रात्री-अपरात्री गरज लागली तर. लागली नाही. शेवटच्या आठवड्यात तो सायकल घेऊन जुन्या मित्राच्या घरी गेला, फोन न करता. मित्राने दार उघडलं आणि खाली खेळायला चल म्हणाला. पूर्वीसारखं झालेलं नाही, पण बोलतात.

ऑगस्टमध्ये एकदा आई भाजी निवडत होती, तो पाणी प्यायला आला आणि म्हणाला, "ती खो-खो खेळायची. तालुक्याच्या संघात होती." आईने हातातली मेथी खाली ठेवली नाही, वर बघितलं नाही, "हो का" म्हणाली. तो गेला. मला हे त्यांनी लगेच फोन करून सांगितलं, आवाजात निकाल लागल्यासारखा आनंद.

प्रकरण मी इथेच बंद करू शकले असते. मुलगा बरा आहे, आई थोडी सैलावली आहे, मामा वही आता मोबाइलमध्ये ठेवतो, भाच्याने शिकवलं तसं. पण हे निम्मंच प्रकरण आहे. तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते मामेभावाकडून मुलाला आणि मुलाकडून मला आलेलं: मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिला मनमाडला पाठवलं, फोन काढून घेतला, आणि मावशीचं गावात येणं-जाणं कमी झालं. तिला 88 टक्के मिळाले होते. तिला कुणी समुपदेशकाकडे नेलं नाही. तिच्या आजीने तिला खाटेवर बसवून त्याचं नाव विचारलं की नाही, ठाऊक नाही. या उन्हाळ्यात मुलाला वही मिळाली, मित्र मिळाला, आईशी बोलायची वाट मिळाली. त्याच उन्हाळ्याचं बिल दुसऱ्या घरात गेलं.

सप्टेंबरमध्ये त्याने मला विचारलं, मामेभावाकडून चिठ्ठी पाठवू का, नुसतं सॉरी लिहितो. मी त्यालाच विचारलं, चिठ्ठी पकडली गेली तर कुणाला बोलणी बसतील? त्याने थोडा वेळ काढला. "तिलाच," म्हणाला. चिठ्ठी पाठवली नाही.